मावशीचा वेग

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक ज्ञानी गुरू राहत असत. दृष्टांतातला गुरू म्हटला की वाचकांच्या डोळ्यांसमोर लगेच नदीचा काठ, पर्णकुटी आणि पांढरी दाढी उभी राहते. आमच्या गुरूंची दाढी पांढरी होती खरी, पण तिला बहुधा ग्रीस लागलेले असे. पर्णकुटीच्या जागी पत्र्याचे गॅरेज होते आणि आसन म्हणजे ऑइलचा पालथा डबा. त्यांचे नाव हैबती. सारा घाट त्यांना वस्ताद म्हणत असे. सोपान नावाचा एकच शिष्य त्यांच्याजवळ टिकला. बाकीचे काम शिकले आणि आपापल्या वाटेने गेले.

सोपान का टिकला याचे कारण गावात चेष्टेने सांगितले जाई. त्याला शिकायलाच इतका वेळ लागला की जायचे राहून गेले म्हणे. चेष्टेत तथ्य होते. इतरांना जे एकदा पाहून जमे, ते सोपानला चारदा दाखवावे लागे. वस्ताद मात्र त्याच्यावर कधी खेकसले नाहीत. तेच काम ते पुन्हा दाखवत, आणि पुन्हा. आता सोपान चाळिशीला आला होता आणि त्याच्या कामात खोट काढणारा माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता.

गॅरेजच्या अंगणात एक जुना ट्रक उभा असे. महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेला. वस्तादांच्या वस्तादांनी त्याच्या पाठीवर क्रेन चढवली आणि बंद पडलेल्या गाड्या घाटातून ओढून आणण्याच्या कामाला त्याला जुंपले. ड्रायव्हर लोक त्याला मावशी म्हणत. नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण त्यामुळे तो ट्रक असूनही ‘ती’ झाला, आणि मीही आता तसेच म्हणणार. वरच्या वळणावर एखादी गाडी अडली की खाली उतरणाऱ्या पहिल्या गाडीबरोबर निरोप येई, “मावशीला पाठवा.”

ते दिवस मी एस.टी.च्या खिडकीतून पाहिले आहेत. चढणीवर जागोजाग बोनेट उघडून उभे असलेले ट्रक, उकळणारे रेडिएटर, हवेत तापलेल्या ब्रेकचा करपट वास, आणि दगडावर डोके धरून बसलेला एखादा ड्रायव्हर. मग खालून गुरगुर ऐकू येई. वळणावर मावशीचे पिवळे नाक दिसे आणि तो ड्रायव्हर धोतर झटकत उठून उभा राही. ते उठून उभे राहणे आठवले की आजही मला भरून येते. आपल्याला न्यायला कोणीतरी आले आहे, एवढेच त्या चेहऱ्यावर असे.

वस्तादांची एक रीत होती. बंद गाडी मावशीला लोखंडी दांड्याने जोडत, कारण दोराने ओढली तर उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीवर येऊन आदळते. पण चहा झाल्याशिवाय ते दांडा लावत नसत. किटली मावशीच्या केबिनमध्येच असे. गाडीमालक घड्याळ पाहतो आहे, मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवते आहे, आणि वस्ताद आपले कठड्यावर बसून बंद गाडीच्या ड्रायव्हरला बशीत चहा ओतून देत आहेत. चहा संपला की त्याला सांगत, “एक हॉर्न दिलास तर हळू करीन. दोन दिलेस तर उभा राहीन. आता बस तुझ्या गाडीत.” सोपानला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटे, पण वस्तादांना विचारणार कोण?

पुढे डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला. चारपदरी रस्ता झाला. गाड्याही नव्या आल्या, त्या उकळत नाहीत आणि सहसा अडतही नाहीत. घाटातल्या टपऱ्या एकेक करून उठल्या. जुन्या रस्त्याने आता दुधाच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि ज्यांना बोगद्यातल्या वेगाची धास्ती वाटते असे लोक तेवढे जात. मावशीच्या क्रेनवर कोंबड्या बसू लागल्या. चांगले झाले असेच म्हणायला हवे; लोकांचे हाल संपले. तरीही रिकाम्या घाटाकडे पाहताना वस्तादांना करमत नसे, आणि ते तसे बोलूनही दाखवत.

अशात शहरातला एक व्यापारी गॅरेजमध्ये आला. जुन्या गाड्या जमवण्याचा त्याला नाद होता. सोपानने रिकाम्या वेळात मावशीचे इंजिन पुन्हा उभे केले होते. ते सुरू करून दाखवताच व्यापारी हरखला.

“सोपानराव, भोगीच्या दिवशी मी जुन्या गाड्यांची मिरवणूक काढतोय,” तो म्हणाला. “घाटापलीकडून निघायचं, नव्या रस्त्यानं थेट शहरात. तुमची ही मावशी आणा. रांगेबरोबर नीट धावली, तर माझ्या नव्या वर्कशॉपचे मुख्य तुम्ही. राहायला जागा देतो. फक्त एक आहे, रांगेचा वेग राखायचा. रेंगाळणारी गाडी मला चालायची नाही.”

सोपानच्या घरी त्या दिवशी गोड झाले. गॅरेजमध्ये दोघांचे पोट भरेल एवढे काम उरले नव्हते, हे त्याला ठाऊक होते. मुलगी मोठी होत होती. शहरातल्या कुठल्या शाळेत तिला घालायचे याची चौकशी बायकोने दुसऱ्याच दिवशी सुरू केली. वस्तादांना मात्र सोपानने हे सगळ्यांत शेवटी सांगितले. वस्तादांनाही पूर्वी एकदा, सोपान अजून काम शिकत होता तेव्हा, शहरातल्या मोठ्या कारखान्यातून असेच बोलावणे आले होते. ते गेले नव्हते. का गेले नाहीत, हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

“जा की,” वस्ताद म्हणाले. “पण मावशी पळायची न्हाई एवढी. तिची मागची जोडी कुठं पळायची हाय?”

ही मागची जोडी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ट्रकच्या मागच्या आसात दातेरी चाकांची एक जोडी असते. लहान चाकाला पिनियन म्हणतात, मोठ्याला क्राउन. इंजिनाची शक्ती पिनियनला येते, पिनियन क्राउनला फिरवते आणि क्राउन मागच्या चाकांना. लहान चाकाच्या किती फेऱ्यांमागे मोठ्याची एक फेरी व्हावी, हे प्रमाण ठरले की गाडीचा स्वभाव ठरतो. मावशीच्या जोडीत लहान चाक सात वेळा फिरे तेव्हा मोठे एकदा फिरे. त्यामुळे ती डोंगर ओढून आणील इतकी ताकदवान होती, आणि धावण्याच्या बाबतीत मात्र सायकलवालाही तिला मागे टाकी.

सोपान भंगार बाजार पालथा घालून आला. त्याच बनावटीच्या हलक्या गाडीची एक जोडी त्याला मिळाली, चार फेऱ्यांना एक फेरी देणारी. दाते शाबूत होते आणि मावशीच्या आसात ती अचूक बसत होती. त्याने दोन्ही जोड्या रॉकेलने धुऊन गोणपाटावर शेजारी शेजारी मांडल्या.

“वस्ताद, कुठली बसवू?”

वस्तादांनी दोन्हींवरून बोट फिरवले. जुन्या जोडीचे दाते घासून गुळगुळीत झाले होते, पण एकही तुटला नव्हता. “नवी बसव,” ते म्हणाले. “बसवल्याबिगर कसं कळंल?”

सोपानने नवी जोडी बसवली. मग मावशीला घेऊन तो सपाट रस्त्यावर गेला आणि आनंदाने ओरडलाच. आयुष्यभर कण्हत चालणारी ती गाडी वाऱ्यासारखी निघाली होती. दुधाच्या गाडीला तिने मागे टाकले. दूधवाल्याने मान बाहेर काढून पाहिले. सोपान परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शहर दिसत होते.

“झकास!” तो म्हणाला. “वस्ताद, आता तुम्ही चालवून बघा.”

वस्ताद उठले, आणि त्यांनी काय करावे? स्टोव्ह पेटवून चहा टाकला. बशीत ओतून सोपानच्या हातात दिला. अंगणाच्या कोपऱ्यात इंजिन काढलेली एक जीप पडून होती, तिच्याकडे बोट केले. “ती जोड मावशीला. दांडा लाव.”

“कशाला वस्ताद? मिरवणुकीत काय ओढायचंय तिला?”

“जोड तर खरं. आणि तू जीपमधी बस. एक हॉर्न दिलास तर हळू करीन. दोन दिलेस तर उभा राहीन.”

सोपानला हसू आले. “हे मला सांगताय व्हय? मीच तर पाठ म्हणून दाखवीन.”

“आज तू मागचा हाईस,” वस्ताद म्हणाले आणि केबिनमध्ये चढले.

इतक्या वर्षांत सोपान दांड्याच्या मागच्या टोकाला कधी बसला नव्हता. तो नेहमी पुढे असे, केबिनमध्ये. चढणीला लागताच मावशी अडखळू लागली. नव्या जोडीला ओझे पेलवेना. ती थांबे, हिसका देई, पुन्हा थांबे. प्रत्येक हिसका दांड्यातून जीपमध्ये येई आणि सोपानचे दात एकमेकांवर आपटत. क्लच जळल्याचा वास मागेपर्यंत आला. पहिल्या वळणावर वस्तादांनी गाडी वळवली आणि दोन्ही गाड्या उताराला लागल्या.

आता सोपानला समोर मावशीची पाठ आणि झुलणारी क्रेन याशिवाय काही दिसेना. रस्ता दिसत नव्हता. वळण आले की ते मावशीची पाठ फिरल्यावरच कळे. जीपच्या ब्रेकवर त्याने पाय दिला, पण इतक्या मोठ्या धुडापुढे जीपचा ब्रेक काय करणार? डाव्या हाताला दरी होती. त्याने एक हॉर्न दिला. मावशी थोडी हळू झाली आणि पुन्हा तितकीच धावू लागली. त्याने परत एक हॉर्न दिला. फरक पडेना. घामाने त्याचे हात स्टिअरिंगवरून सटकू लागले. शेवटी त्याने दोन हॉर्न दिले, आणि मावशी रस्त्याच्या कडेला ब्रेक करकचवत उभी राहिली.

वस्ताद खाली उतरून जीपपाशी आले. “कशी चालती गाडी?”

सोपानने घामेजलेले हात पँटला पुसले. मग तो म्हणाला, “पुढून झकास चालती, वस्ताद. मागून भ्या वाटतं. मी हॉर्न दिला तर तुम्ही हळू का नाही केलंत?”

“केलं की. पहिल्या गिअरमधी हुतो. ही जोडी यापेक्षा हळू चालायला तयारच न्हाई, मी काय करू?”

ते जीपच्या मडगार्डवर टेकले. कपाळावरचा घाम पुसला, आणि मग जे बोलले ते सोपानने पुढे अनेकांना सांगितले.

“पुढच्याकडं इंजिन असतं, ब्रेक असतो, त्याला रस्ता दिसतो. मागच्याच्या हाती नुसतं चाक असतं. किती जोरात जायचं, ते त्याला ठरवता येत न्हाई. ते आपण त्याच्या वतीनं ठरवतो. म्हणून आधी चहा पाजायचा, सोपाना. चहा पिताना माणसाचा हात किती कापतोय ते दिसतं. तेवढ्यावरनं मी वेग ठरवायचो. मावशीला ही सातची जोडी आमच्या वस्तादांनी मुद्दाम शोधून बसवली हुती. लष्करात असताना ती चांगली पळायची.”

सोपान चकित होऊन पाहत राहिला. मावशी मुळात संथ नव्हती, ही गोष्ट त्याला आजवर कोणी सांगितली नव्हती.

“मग कुठली ठेवू?” त्याने विचारले.

“मिरवणुकीला नवी चांगली. वढायला जुनी चांगली. माझ्या मनात तुला अडवायचं न्हाई. फक्त मागं बसून बघितल्याबिगर तू ठरवू नयेस, एवढंच हुतं.”

दोन दिवस सोपानने मावशीला हात लावला नाही. मग त्याने आस उघडला आणि जुनी जोडी परत बसवली. बायको रागावली, रडली. तिचे काही चुकले नव्हते. त्याने व्यापाऱ्याला फोन केला. “शेठ, मावशी पळणार नाही. पण रांगेच्या शेवटी चालेल. एवढ्या जुन्या गाड्या, एखादी तरी बंद पडेलच. तिला आम्ही घेऊन येऊ.” व्यापारी म्हणाला, “वेळेवर पोहोचलात तर बघू. रांग कोणासाठी थांबायची नाही.” आशा अगदीच मावळली नव्हती.

भोगीच्या दिवशी पहाट फुटताना दोघे निघाले. थंडी मी म्हणत होती. वस्ताद कानटोपी घालून शेजारी बसले होते आणि किटली त्यांच्या पायांशी होती. मावशी आपल्या जुन्या चालीने घाट चढू लागली. वेळ हाताशी होता. वरच्या वळणाजवळ येताच सोपानला कठड्याला टेकलेला एक टेम्पो दिसला. चाकांना दगड लावले होते. दगडावर एक म्हातारा कुंभार डोके धरून बसला होता आणि त्याची बायको टेम्पोच्या मागच्या फळीला हात लावून उभी होती, जणू तिच्या हातानेच तो टेम्पो थांबणार होता. टेम्पो सुगड्यांनी भरलेला होता. उद्या संक्रांत. वर्षभराची माती, खालच्या गावच्या आजच्या बाजारात विकली नाही तर पुन्हा वर्षभर मातीच.

“ब्रेकचं तेल सगळं गळून गेलंय, दादा,” कुंभार म्हणाला. “कसा थांबलो देवालाच ठावं.”

टेम्पोला खाली जायचे होते आणि मावशीला वर. खाली जाऊन परत यायचे तर रांग निघून जाणार, हे कळायला सोपानला हिशेब करावा लागला नाही. त्याने वस्तादांकडे पाहिले. वस्तादांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले होते असे मला वाटत नाही.

सोपानने इंजिन बंद केले. खाली उतरला. केबिनच्या दारातून वाकून त्याने किटली काढली.

“या, आधी चहा घ्या,” तो कुंभाराला म्हणाला.

म्हाताऱ्याचा हात इतका कापत होता की बशीतला निम्मा चहा सांडला. सोपानने दुसरी बशी भरून दिली आणि ती संपेपर्यंत तो शेजारी बसून राहिला. मग म्हणाला, “एक हॉर्न दिलात तर हळू करीन. दोन दिलेत तर उभा राहीन. बसा आता.”

मावशी वळवून त्याने दांडा लावला आणि ती उताराला लागली. सातची जोडी पहिल्या गिअरमध्ये अशी उतरत होती, की रस्त्याकडेच्या गवतावरचे दव मोजता यावे. ब्रेकवर पाय द्यायची गरज पडेना. इंजिनच दोन्ही गाड्यांचे ओझे धरून होते. सोपानने खिडकीची काच खाली घेतली होती आणि थंडीने त्याचा कान बधिर झाला होता. सारा घाट उतरून होईपर्यंत मागून एकही हॉर्न आला नाही.

गॅरेजपाशी टेम्पो उभा राहिला, तेव्हा कुंभाराच्या बायकोने आधी सुगडी पाहिली आणि मग नवऱ्याकडे. एकही फुटले नव्हते.

“या गाडीला काय म्हणता तुम्ही?” तिने वस्तादांना विचारले.

“मावशी.”

“मग हिला वाण द्याया पायजे.” तिने एक सुगड निवडून घेतले, आपल्या कपाळावरच्या कुंकवाचे बोट मावशीच्या बोनेटला लावले आणि ते सुगड केबिनमध्ये आरशाखाली ठेवले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण हात मुळीच कापत नव्हता. सोपानने टेम्पोच्या ब्रेकची नळी बदलली, तेल भरले, आणि कुंभार बाजार भरायच्या आत निघून गेला.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. रांग निघाली होती. “तुम्ही व्हा पुढं, शेठ,” सोपान म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. वर्कशॉपचे मुख्य पद पुढे दुसऱ्या कोणाला मिळाले. ते वाईट झाले, आणि सोपानला त्याचे वाईट वाटले. तसे वाटले नाही असे सांगून मी या गोष्टीला खोटी झळाळी देणार नाही.

तो वस्तादांजवळ जमिनीवर बसला.

“वस्ताद, तुम्हाला त्या कारखान्यानं बोलावलं हुतं. तुमच्या हाताला तिथं केवढा मान मिळाला असता. का न्हाई गेलात?”

वस्तादांनी किटलीत उरलेला चहा बशीत ओतला, आणि बशी शिष्यापुढे केली.

“तवा दांड्याला तू हुतास,” ते म्हणाले.

सोपानने बशी दोन्ही हातांनी धरली, तरी चहा सांडलाच.

वाचकहो, आपण आज ज्या वेगाने इथवर सुखरूप आलो, तो आपल्यासाठी कोणी कमी करून घेतला होता, हे एकदा आठवून पाहावे. आणि मग आपल्या आरशात, मागे कोण बसले आहे तेही.